हातोडी दुसऱ्याची, नाव आपलं : जपानच्या बड्या बांधकाम कंपन्या नेमकं काय विकतात?

मार्च २०२३ मध्ये जपानच्या उत्तरेकडच्या साप्पोरो शहरात एक चमत्कारिक निर्णय झाला. २६ मजल्यांची इमारत उभी राहत होती आणि पोलादी सांगाडा १५ मजल्यांपर्यंत चढला होता. मोजमापं पुन्हा घेतल्यावर कळलं, की सत्तरेक ठिकाणी सांगाडा मर्यादेपेक्षा जास्त सरकला आहे. सगळ्यात वाईट जागी फरक होता २१ मिलिमीटर. मालकाला दिलेल्या कागदांवर मात्र सगळे आकडे ठाकठीक. काम ताइसेई या कंपनीकडे होतं. कंपनीनं ठरवलं, डागडुजी करत बसायचं नाही, उभं झालेलं उतरवायचं आणि नव्यानं बांधायचं. दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. इमारत ताब्यात द्यायची तारीख दोन वर्षांहून जास्त पुढे गेली.

दोन सेंटिमीटरसाठी पंधरा मजले पाडले म्हणून कोणी कौतुक करेल. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त बोलकी वाटते. जपानमध्ये अशा साइटवर कॉलम उभे करणारे हात बड्या कंपनीचे नसतात. पोलाद एक कारखाना कापून-जोडून पाठवतो, क्रेननं चढवून बोल्ट आवळणारे दुसऱ्याच कंपनीचे असतात, वेल्डर तिसऱ्या. मुख्य कंपनीचे इंजिनिअर वेळापत्रक, दर्जा, सुरक्षा आणि खर्च सांभाळतात. मोजायचं, तपासायचं, नोंद करायची आणि मालकाला सांगायचं, 'बरोबर झालंय, आमचा शब्द.' साप्पोरोत नेमकं हेच खोटं निघालं. नुसता कॉलम वाकडा असता तर तो सरळ करता आला असता. इथे कंपनी जो माल विकते तोच नासका निघाला होता.

हा माल म्हणजे जबाबदारी. एवढं धरून चाललं, की या कंपन्यांचं मोठेपण आणि त्यांची जुनी दुखणी दोन्ही समजायला लागतात.

पाच जणी

जपानमध्ये बांधकामाचा परवाना असलेल्या कंपन्या पावणेपाच लाखांच्या आसपास आहेत. घराची डागडुजी करणाऱ्या दोन माणसांच्या पेढीपासून समुद्राखाली बोगदे काढणाऱ्यांपर्यंत सगळे त्यात आले. लग्नात मांडव, जेवण, रोषणाई सगळं एकट्यानं अंगावर घेणारा ठेकेदार असतो, तसं पायापासून कळसापर्यंतचं काम अंगावर घेणाऱ्या कंपनीला तिथे 'झेनेकॉन' म्हणतात. जनरल कॉन्ट्रॅक्टर या शब्दाचं हे जपानी लघुरूप. त्यांतल्या पाच 'सुपर झेनेकॉन' : काजिमा, ओबायाशी, शिमिझू, ताइसेई आणि ताकेनाका. प्रत्येकीची वर्षाची उलाढाल एक लाख कोटी येनच्या वर. आणि एवढ्या उलाढालीला मूळ कंपनीच्या पगारावर माणसं किती? साधारण आठ ते अकरा हजार. त्यांतही इंजिनिअर, आर्किटेक्ट, संशोधक आणि ऑफिसातली मंडळी. गवंडी जवळजवळ नाहीच.

ताकेनाका सगळ्यात जुनी. ओदा नोबुनागा या सोळाव्या शतकातल्या युद्धनेत्याच्या पदरी असलेल्या एका सरदारानं तलवार बाजूला ठेवली आणि १६१० मध्ये नागोयात देवळं बांधायला घेतली, तिथून ही पेढी धरली जाते. आज एवढी मोठी होऊनही ती शेअर बाजारात नाही. १९५८ चा ३३३ मीटर उंच टोकियो टॉवर तिनं बांधला. कोबे शहरात तिनं सुतारी हत्यारांचं संग्रहालय उभं केलंय. रंधे, पटाशा, करवती, नुसती हत्यारं. काँक्रीटवर मोठी झालेली कंपनी आपलं मूळ लाकडात आहे हे इतक्या प्रेमानं दाखवते, याचं मला अप्रूप वाटतं.

शिमिझूची सुरुवात १८०४ मध्ये एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, किसुके नावाच्या सुताराकडून झाली. पुढे या कंपनीला शिबुसावा एइइची यांच्यासारखा सल्लागार लाभला. जपानी भांडवलशाहीचे जनक म्हणतात ते हेच, २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे. काजिमाही सुताराचीच, १८४० ची. योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुलं झालं तेव्हा त्यांची पाश्चात्य धाटणीची घरं बांधून तिनं नाव काढलं आणि १८८० पासून ती रेल्वेच्या कामांकडे वळली. काजिमा घराण्याची आणखी एक खासियत म्हणजे घरजावई. मुलाला गादी द्यायची आणि तो कसा निघतो ते बघत बसायचं, यापेक्षा हुशार जावई शोधून त्याला आडनाव द्यायचं, हा त्यांचा खाक्या. परराष्ट्र खात्यात नोकरी केलेले मोरिनोसुके हे असेच जावई, १९३८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. १९५७ मध्ये त्यांच्या पत्नी उमे काजिमा अध्यक्ष झाल्या. बांधकामासारख्या पुरुषी धंद्यात आणि त्या काळात. त्यांच्यानंतर पुन्हा जावई.

ताइसेईचा संस्थापक ओकुरा किहाचिरो सुतार नव्हता, व्यापारी होता. १८७३ ची त्याची पेढी. १९२७ मध्ये टोकियोत आसाकुसा ते उएनो धावलेली जपानची पहिली भुयारी रेल्वे तिच्याच कामातली. ओबायाशी पाचांत धाकटी, १८९२ ची, ओसाकाची. टोकियो स्टेशनची लाल विटांची इमारत (१९१४), कोशिएनचं बेसबॉल मैदान (१९२४) आणि ६३४ मीटर उंच स्कायट्री (२०१२) तिच्या नावावर आहेत.

पाचांतल्या तिघींचं मूळ सुतारकामात आहे, याला अर्थ आहे. जपानी देवळाचा मुख्य सुतार नकाशा स्वतः काढायचा, लाकूड स्वतः निवडायचा, हाताखालची माणसं स्वतः जमवायचा, आणि छप्पर गळलं तर लोक त्याच्याच दारात यायचे. युरोपात आर्किटेक्ट वेगळा आणि बांधणारा वेगळा अशी फारकत झाली. आपण इंग्रजांकडून तीच घेतली : आर्किटेक्ट नकाशा काढणार, आरसीसी सल्लागार हिशेब करणार, कंत्राटदार बांधणार, आणि भिंतीला तडा गेला की तिघं एकमेकांकडे बोट दाखवणार. जपानमध्ये ही फारकत पूर्ण झाली नाही. आजही बड्या झेनेकॉनमध्ये डिझाइनचा भलामोठा विभाग असतो आणि इमारतींची बरीच कामं डिझाइनसकट एकाच कंपनीला दिली जातात.

कंत्राटदाराची प्रयोगशाळा

बाहेरच्या माणसाला सगळ्यात जास्त कोड्यात टाकते ती यांची संशोधन संस्था. कंत्राटदाराला प्रयोगशाळा कशाला? पाचही कंपन्यांकडे स्वतःची आहे. काजिमानं १९४९ मध्येच काढली. भूकंपासारखी हलवता येणारी टेबलं, वाऱ्याचे बोगदे, काँक्रीट चिरडून पाहणारी अजस्र यंत्रं. ही हौस नाही. डिझाइनही तुझंच, बांधकामही तुझंच म्हटल्यावर भूकंपात काय होईल याचं उत्तर दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे टोकियोची कासुमिगासेकी इमारत. १९६३ पर्यंत जपानमध्ये ३१ मीटरपेक्षा उंच बांधायला कायद्यानं बंदी होती, भूकंपाच्या भीतीनं. रूढ समज असा, की भूकंपात टिकायचं तर इमारत ताठ हवी, जाड भिंतींची. कियोशी मुतो या टोकियो विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी उलटा विचार पुढे नेला. जमिनीचे भूकंपी हादरे बहुधा झटपट असतात, सेकंदाला एक-दोनदा हलल्यासारखे. बुटकी ताठ इमारत तितक्याच झटपट हलू पाहते, त्यामुळे धक्का आणि इमारत यांची लय जुळते आणि जोर वाढत जातो. उंच, लवचीक इमारतीची लय संथ असते, एक हेलकावा घ्यायला तिला काही सेकंद लागतात. लय जुळलीच नाही, तर जमिनीची सगळी ताकद तिच्यात शिरत नाही. शतकानुशतकं भूकंप झेलून उभे राहिलेले पाचमजली लाकडी पॅगोडा या मंडळींच्या डोळ्यांसमोर होते. मुतो निवृत्तीनंतर काजिमात उपाध्यक्ष म्हणून आले आणि १९६८ मध्ये १४७ मीटर उंच, ३६ मजल्यांची कासुमिगासेकी उभी राहिली. जपानची पहिली गगनचुंबी इमारत.

संथ लयीचा तोटा २०११ मध्ये कळला. ११ मार्चच्या महाभूकंपाचं केंद्र टोकियोपासून शेकडो किलोमीटर दूर होतं, पण दूरवर पोचणाऱ्या लाटाही संथच असतात. टोकियोच्या शिंजुकू भागातले मनोरे कितीतरी मिनिटं झुलत राहिले. पडले नाहीत, पण आतल्या माणसांची पाचावर धारण बसली. मग काजिमानं १९७० च्या दशकातल्या शिंजुकू मित्सुई इमारतीच्या गच्चीवर प्रत्येकी ३०० टनांची सहा वजनं लंबकासारखी टांगली. इमारत डावीकडे गेली की वजन मागे रेंगाळतं, तिला उलट खेचतं, आणि झोके लवकर शमतात. २०१५ मध्ये हे काम पूर्ण झालं. इमारत जुनी, आत ऑफिसं चालू, आणि वर १८०० टन चढवायचे. असल्या कामासाठी कंत्राटदाराला प्रयोगशाळा लागते.

पाडकामातही हीच बुद्धी दिसते. दाट वस्तीत उंच इमारत वरून फोडत आणायची म्हणजे धूळ, आवाज आणि खाली पडणारे तुकडे. काजिमानं २००८ मध्ये स्वतःचंच जुनं मुख्यालय पाडायला घेतलं तेव्हा सुरुवात तळापासून केली. तळमजल्याच्या प्रत्येक कॉलमखाली जॅक बसवला. कॉलमचा साधारण ७० सेंटिमीटरचा तुकडा कापून काढला, जॅकचा दांडा वर सरकवला, पुढचा कॉलम. सगळे कॉलम कापून झाले की सगळे जॅक एकाच वेळी हळूहळू खाली. अख्खी इमारत खाली सरकते. असं काही वेळा केलं की एक मजला जमिनीला टेकतो, तो तिथेच मोडून भंगार वेगवेगळं करायचं, मग पुढचा मजला. मोडणारे कायम जमिनीलगतच काम करतात. आणि मध्येच भूकंप आला तर? त्यासाठी आत काँक्रीटचा भक्कम गाभा उभारलेला असतो, इमारत त्याला धरून राहते. रस्त्यावरून जाणाऱ्याला आवाज नाही की धूळ नाही, इमारत मात्र दर आठवड्याला थोडी बुटकी.

फाटकावरचा तक्ता

आता उतरंडीच्या खालच्या बाजूला येऊ. जपानी साइटवर सकाळची सुरुवात रेडिओवरच्या कवायतीनं होते. मग सगळ्यांची सभा. मग प्रत्येक टोळी वेगळी उभी राहते आणि आज काय काम, त्यात काय धोका, तो टाळायला काय करणार, हे फळ्यावर लिहून मोठ्यानं म्हणते. हेल्मेटवर नाव आणि कंपनी असते, बऱ्याचदा रक्तगटही.

ते कंपनीचं नाव नीट वाचलं तर एकाच साइटवर वीस-पंचवीस वेगवेगळी नावं सापडतील. परांची बांधणारे आणि पोलाद चढवणारे 'तोबी' वेगळ्या कंपनीचे, सळई बांधणारे वेगळे, शटरिंगचे सुतार वेगळे, काँक्रीट पंपवाले वेगळे. झेनेकॉन पहिल्या पायरीच्या पोटकंत्राटदाराला काम देते, तो दुसऱ्या पायरीच्या, तो तिसऱ्या. तळाशी स्वतःची हत्यारं घेऊन येणारा एकटा कारागीर. गंमत म्हणजे हे लपवलेलं नसतं. कोण कुणाखाली काम करतंय त्याचा तक्ता साइटवर लावणं मोठ्या कामांत कायद्यानंच बंधनकारक आहे.

चांगल्या दिवसांत ही रचना झकास चालते. बड्या कंपनीचे ठरलेले पोटकंत्राटदार असतात, त्यांचे संघ असतात, दोन-दोन पिढ्यांचे संबंध असतात. बिघडते कशी, ते योकोहामानं दाखवलं. तिथे चार इमारतींचं, ७०५ घरांचं संकुल २००७ मध्ये पूर्ण झालं होतं. काही वर्षांनी एका रहिवाशाच्या लक्षात आलं, की दोन इमारतींना जोडणाऱ्या वाटेवरचा कठडा जुळत नाहीये. फरक पुन्हा दोनेक सेंटिमीटरचाच. खोदून तपासल्यावर २०१५ मध्ये बाहेर आलं, की काही पाइल, म्हणजे इमारत पेलण्यासाठी जमिनीत रोवलेले खांब, खालच्या कठीण थरापर्यंत पोचलेच नव्हते आणि खोदाईच्या नोंदींत दुसऱ्या पाइलचे आकडे चिकटवले होते. मुख्य कंत्राटदार मित्सुई सुमितोमो कन्स्ट्रक्शन. त्याखाली हिताची गटाची एक कंपनी. तिच्याखाली, प्रत्यक्ष पाइल ठोकणारी, आसाही कासेई गटाची. वरच्याला वाटलं खालचा बघतोय, खालच्याला वाटलं आकडा कोण बघतंय. शेवटी चारही इमारती पाडून पुन्हा बांधल्या. मग खर्च कुणी किती सोसायचा यावरून कंपन्या कोर्टात.

जबाबदारी वरच्या पायरीनं विकायची आणि काम चौथ्या पायरीनं करायचं, या व्यवस्थेचा हा सांधा कायम दुखरा राहणार. कितीही कवायत केली तरी.

पाचांच्या बाहेरचे

सुपर पाचांपलीकडेही तालेवार नावं आहेत. क्वालालंपूरच्या पेट्रोनास जोडमनोऱ्यांपैकी एक हाझामाच्या गटानं बांधला. तैपेई १०१ च्या बांधकामात कुमागाई गुमी आघाडीवर होती. पेंटा-ओशन ही बंदरांच्या कामातली कंपनी १९६१ पासून सुएझ कालवा रुंद करण्याच्या कामात उतरली.

कुमागाईचं नाव मात्र जपानमध्ये एका बोगद्यामुळे घराघरांत पोचलं. युद्धानंतर विजेचा दुष्काळ होता आणि कन्साई इलेक्ट्रिक या वीजकंपनीनं कुरोबे नदीच्या निर्जन दरीत १८६ मीटर उंच धरण घ्यायचं ठरवलं. काम १९५६ ते १९६३. धरण हाझामाकडे. पण दरीत सिमेंट न्यायचं तर आधी डोंगरातून बोगदा हवा, तो कुमागाईकडे. बोगदा खणताना चुरा झालेल्या खडकाचा पट्टा लागला. सेकंदाला ६६० लिटर पाणी, तापमान ४ अंश, आणि पाण्याबरोबर ढासळणारा मुरूम. त्या ८० मीटरच्या पट्ट्यातून पार व्हायला सात महिने लागले. निचऱ्याचे बोगदे काढले, खडकात सिमेंट आणि रसायनं भरली, पाणी ओसरायची वाट पाहिली. संपूर्ण प्रकल्पात १७१ माणसं मेली. धरणाजवळ त्यांच्या नावांचा फलक आहे. जपानी माणूस कुरोबेबद्दल अभिमानानं बोलतो, पण हा आकडा सोडून बोलू नये.

दांगो

आपल्याकडे टेंडरच्या बाबतीत 'ठेकेदारांची रिंग' म्हणतात, ती जपानमध्ये 'दांगो' या नावानं इतकी मुरली होती, की अनेकांना तो गुन्हा वाटतच नव्हता. पद्धत अशी. सरकार कामाची कमाल किंमत आधीच ठरवतं आणि ती गुप्त ठेवतं. त्याहून वरची बोली बाद. समजा ती १०० कोटी आहे. इच्छुक कंपन्या आधीच भेटतात आणि यंदाचा मानकरी ठरवतात. गुप्त आकडा कुठूनतरी फुटलेला असतोच. मानकरी ९८ भरतो, बाकीचे ९९, १०१, १०३. पुढचं काम पुढच्याला. बोलावलेल्या मोजक्याच कंपन्यांमध्ये बोली लावायची जुनी पद्धत असल्यामुळे सगळे एकमेकांना ओळखत. सरकारी खात्यांतून निवृत्त झालेले अधिकारी याच कंपन्यांत सल्लागार म्हणून येत, आणि निवडणुकीला पैसाही इथूनच जाई.

१९९३ मध्ये सत्ताधारी पक्षाचे बलाढ्य नेते शिन कानेमारू करचुकवेगिरीत सापडले. त्यांच्याकडच्या कागदांतून बांधकाम कंपन्यांच्या पैशाचा माग लागला. त्या वर्षी सेंदाईचे महापौर, इबाराकीचे आणि मियागीचे गव्हर्नर अशा तिघांना लाचेच्या प्रकरणांत अटक झाली, आणि कंपन्यांच्या वरिष्ठांनाही. डिसेंबर २००५ मध्ये बड्या कंपन्यांनी दांगो सोडल्याचं ठरवलं. आणि मग? टोकियो-नागोया चुंबकीय रेल्वेच्या स्टेशनांच्या कामांत ओबायाशी, शिमिझू, काजिमा, ताइसेई या चौघींवर २०१८ मध्ये खटला. ओबायाशी आणि शिमिझूनं गुन्हा कबूल केला. त्यांना अनुक्रमे २० आणि १८ कोटी येन दंड झाला. काजिमा आणि ताइसेई लढल्या. २०२१ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयानं त्यांनाही दोषी धरून प्रत्येकी २५ कोटी येनचा दंड ठोठावला.

दांगोची बाजू घेणारे म्हणायचे, की किमतीची मारामारी सुरू झाली की दर्जा घसरतो आणि छोटे मरतात. आळीपाळीनं काम मिळालं तर कारागिरांना वर्षभर पोसता येतं. त्यात तथ्य असलं तरी त्याचं बिल करदात्यानं भरलं आणि त्याला कुणी विचारलं नाही. माझं मत विचाराल तर जबाबदारीचं आणि दांगोचं मूळ एकच. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी मंडळी कागदापेक्षा शब्दावर चालतात. शब्द मालकाला दिला तर दर्जा येतो, प्रतिस्पर्ध्याला दिला तर दांगो होतो.

१९८० च्या दशकातल्या सुबत्तेचा फुगा फुटल्यावर मात्र कुणाचा शब्द कुणाच्या कामी आला नाही. देशातली बांधकाम गुंतवणूक १९९२ च्या सुमारास वर्षाला ८४ लाख कोटी येन होती, २०१० पर्यंत ती निम्म्यावर आली. १९९७ मध्ये तोकाई कोग्यो, तादा, दाइतो कोग्यो या मध्यम कंपन्या पाठोपाठ बुडाल्या. तेजीत अमेरिकेतली वेस्टिन हॉटेलं विकत घेणारी आओकी २००१ मध्ये बसली.

परदेशात शब्द चालत नाही

घरी काम आटलं की बाहेर जाणं आलंच. काही कामं देखणी झाली. इस्तंबूलमध्ये बॉस्फरसच्या तळाशी आशिया-युरोप जोडणारा रेल्वे बोगदा ताइसेईनं तुर्की भागीदारांबरोबर केला : काँक्रीटच्या ११ प्रचंड नळ्या तरंगत नेऊन, प्रवाह सांभाळत, जवळजवळ ६० मीटर खोलीवर बुडवून एकमेकींना जोडल्या. २०१३ मध्ये गाड्या सुरू झाल्या. अमेरिकेत हूवर धरणासमोरच्या काँक्रीटच्या कमानी पुलाच्या कामात ओबायाशी होती.

पण धक्केही मोठे बसले. दुबई मेट्रो २००९ मध्ये ठरल्या तारखेला धावली, पण वाढत गेलेल्या कामानं काजिमा आणि ओबायाशीला जबर तोटा झाला. अल्जीरियातला पूर्व-पश्चिम महामार्ग जपानी गटाला पूर्ण करता आला नाही, पैशांवरून सरकारशी तंटा झाला. व्हिएतनाममध्ये कान थो पुलाचा एक भाग २००७ मध्ये बांधकाम चालू असताना कोसळला आणि ५० हून अधिक कामगार दगावले. तिथेही मुख्य कंत्राटदार ताइसेई, काजिमा आणि निप्पॉन स्टील होते.

दुबईत अडचण काँक्रीटची नव्हती. जपानमध्ये मालकानं मध्येच नकाशा बदलला, तर कंत्राटदार सहसा आधी काम करतो आणि पैशाचं मागाहून बसून ठरतं. संबंध टिकवायचे असतात. परदेशात प्रत्येक बदलाला त्याच आठवड्यात लेखी दावा टाकावा लागतो. कागद नाही तर पैसा नाही. हे शिकायला त्यांनी बरीच फी मोजली.

भारतात त्यांचा वावर मोजका. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातल्या भुयारी कामांत शिमिझू आणि कुमागाई गुमी भागीदार होत्या. पुरुलियाचा उदंचन जलविद्युत प्रकल्प ताइसेईनं केला, वाराणसीचं रुद्राक्ष सभागृह फुजिता या कंपनीनं. मुंबईकरांना रोज दिसणारं जपानी काम म्हणजे अटल सेतू. जायका या जपानी सरकारी मदतसंस्थेच्या कर्जावरच्या या २१.८ किलोमीटरच्या पुलाच्या शिवडीकडच्या टप्प्यात लार्सन अँड टुब्रोबरोबर आयएचआय होती. आयएचआय झेनेकॉन नाही, १८५३ च्या जहाजगोदीतून वाढलेली अवजड यंत्रांची कंपनी आहे. जहाजांची वाट मोकळी राहावी म्हणून जिथे १८० मीटरपर्यंतचे लांब गाळे हवे होते, तिथे काँक्रीटऐवजी पोलादी डेक टाकले, आणि पोलाद ही तिची हातखंडा गोष्ट. नुसत्या काँक्रीटच्या कामात आपल्या कंत्राटदारांच्या दरापुढे जपानी कंपन्या टिकत नाहीत. जिथे खास तंत्र लागतं तिथेच त्या येतात.

आता नकार देतात

सध्याचा प्रश्न माणसांचा आहे. १९९७ मध्ये जपानच्या बांधकामात ६८ लाखांहून अधिक लोक होते, आता ४८ लाखांच्या आसपास. त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त पंचावन्नच्या पुढचे, तिशीच्या आतले बारा टक्क्यांच्या घरात. त्यात एप्रिल २०२४ पासून जादा कामाच्या तासांवर कायदेशीर मर्यादा आली : महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६०, आणि अगदी खास परिस्थितीत वर्षाला ७२०. बाकीच्या उद्योगांना हा नियम आधीच लागू होता, बांधकामाला पाच वर्षांची सवलत होती, ती संपली. रात्रीचा दिवस करून तारीख गाठायची सवय आता बेकायदा आहे.

काजिमानं अकिता प्रांतातल्या नारुसे धरणावर डंपर, बुलडोझर आणि रोलर चालकाविना चालवून दाखवले. नियंत्रण कक्षात बसलेले मोजके लोक अनेक यंत्रांवर नजर ठेवतात. धरणाच्या मोकळ्या माथ्यावर हे जमतं. अठराव्या मजल्यावर कोपऱ्यात सळई बांधायला अजून माणूसच लागतो. (ओबायाशीनं २०५० पर्यंत अंतराळात जाणारी लिफ्ट बांधायची कल्पना २०१२ मध्ये मांडली होती, ९६,००० किलोमीटर लांब केबलची. तिच्यासाठी तोबी कुठून आणणार, हे विचारायला हवं.)

परिणाम असा, की शंभर वर्षं मालकापुढे मान तुकवणारे झेनेकॉन आता कामं निवडून घेतात. टोकियोतल्या नाकानो सनप्लाझा या प्रसिद्ध सभागृहाच्या जागी मनोरा उभारायची योजना बांधकामाचा खर्च आवाक्याबाहेर गेल्यामुळे बारगळली. सभागृह मात्र २०२३ मध्येच बंद करून झालं होतं. साहित्याचे भाव वाढले तर फरक मालकानं सोसायचा, हे कलम कंपन्या खासगी करारांतही मागू लागल्या आहेत. २०२४ मध्ये बांधकाम व्यवसायाचा कायदा बदलला, त्यात भाववाढ झाल्यास रक्कम कशी बदलायची हे करारात लिहिणं सक्तीचं केलं आणि अशक्य मुदतीचे करार करायला कंत्राटदारालाही बंदी घातली. दुबईत फी मोजून शिकलेलं आता टोकियोच्या करारांत उतरतंय.